आठ नंबर म्हणजे आठ एमएम नाही हो! जाड लाकूडकामासाठी स्क्रू कसे निवडायचे

दापोलीजवळच्या आमच्या गावच्या घराची मागची पडवी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गेली. कौलं, रिपा, निम्मे वासे, सगळं शेजाऱ्यांच्या बागेत जाऊन पडलं होतं. पुढच्या थंडीत ती परत उभी करायची ठरली, आणि मी तेव्हा गावाहूनच ऑफिसचं काम करत होतो, सुतार कोणाकडेच रिकामा नव्हता, ड्रिल मशीन घरात होतं, चार व्हिडिओ बघितले होते, मग काय, म्हटलं आपणच करू.

वाशांची खालची टोकं टेकवायला खांबांवर बाजूने एक आडवी पाटी मारायची होती, ऐनाच्या लाकडाची, दीड इंच जाड. दुकानात जाऊन सांगितलं, "आठचे स्क्रू द्या, तीन इंची." माझ्या डोक्यात आठ एमएम. त्यांनी दिले आठ नंबर. आठ नंबर म्हणजे चार एमएमला जरासा जास्त, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि डबीवर मोठा ८ छापलेला होताच. निम्मे स्क्रू मारतानाच कट्कन तुटले. जे तग धरून राहिले त्यांनी पावसाळाभर पडवी कशीबशी पेलली, आणि गणपतीत बघतो तर पाटी पाऊण बोट खाली बसलेली, कौलांमधून उजेड दिसायला लागलेला. पाटी सोडवली तेव्हा आतले स्क्रू मासे धरायच्या गळासारखे वाकलेले निघाले आणि लाकडातली गोल भोकं लांबट झालेली. वाडीतल्या सुतारकाकांनी एक स्क्रू हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, हे बिजागरीला बरे. वाशाला नाय."

तर माझं जे झालं ते तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. बहुतेक जण स्क्रू घेताना आधी लांबी सांगतात, जाडी दुकानदारावर सोडतात. वजन पेलणाऱ्या कामात हे उलटं करायचं. आधी जाडी, मग लांबी.

काय काय लागेल

- व्हर्नियर कॅलिपर, स्क्रूची जाडी मोजायला. साधा प्लास्टिकचा असला तरी चालतो, पण हवाच
- ड्रिल मशीन, आणि लाकडात नीट चालणारे बिट: २.५, ३, ३.५, ४, ४.५, ५, ६, ७, ८ आणि १० एमएम
- स्क्रूचं डोकं लाकडात बसवायला शंकूसारखा बिट
- कोच स्क्रूसाठी (षटकोनी डोक्याचा, पान्याने फिरवायचा जाड स्क्रू) पाने: ६ एमएमच्या स्क्रूला १० चा, ८ ला १३ चा, १० ला १७ चा
- मेणबत्ती, चिकटपट्टी, पेन्सिल, गुण्या
- एक कागद. त्यावर कुठला जोड, कुठलं लाकूड, दोन्ही लाकडांची जाडी किती, हे लिहून नेलं की दुकानात गोंधळ होत नाही. मी नेला नव्हता.

१. आधी बघा, त्या स्क्रूवर जोर कुठून येणार

एकच स्क्रू तीन वेगळ्या कामांना वापरतात आणि तिन्हीकडे त्याची परीक्षा वेगळी असते.

पहिलं म्हणजे नुसतं धरून ठेवणं. दाराची पट्टी, रीप. इथे फार विचार नको, ८ नंबर १० नंबर काहीही चालतं.

दुसरं, आडवा जोर. माझ्या पाटीसारखं, म्हणजे स्क्रू आडवा घुसलाय आणि वजन त्याला वरून खाली दाबतंय. इथे स्क्रू वाकतो, आणि वाकण्याच्या बाबतीत जाडी हीच सगळी गोष्ट आहे. स्क्रूची जाडी दुप्पट केली की त्याचा वाकायला होणारा विरोध आठपट होतो, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे मी ८ एमएम समजून ८ नंबर मारले तेव्हा निम्म्या ताकदीचे मारले असं नाही, मोठमोठ्याने हसू नका, जवळजवळ सात पट कमी ताकदीचे मारले. अख्ख्या जोडाची ताकद काही अगदी त्याच पटीत कमी होत नाही, कारण लाकूडही मध्ये दबतं, पण फरक प्रचंड पडतो एवढं नक्की.

तिसरं, उपसणारा जोर. वादळात वारा पडवीत खालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो, वासा तुळईपासून सुटायला बघतो, खिळा सरळ वर निघून येतो. आमची पडवी अशीच गेली, वासे तुटले कमी आणि सुटले जास्त. उपसण्याच्या बाबतीत मात्र नुसती जाडी वाढवून तेवढा फायदा नाही. जाडी दुप्पट केली तर पकड साधारण दुप्पटच होते. इथे आटे लाकडात किती खोल गेलेत आणि लाकूड किती घट्ट आहे याला जास्त किंमत. आणि खरं सांगायचं तर छप्पर धरायला नुसत्या उभ्या स्क्रूवर विसंबूच नका, वाशावरून लोखंडी पट्टी घेऊन ती तुळईच्या दोन्ही बाजूंना स्क्रूने धरा, म्हणजे उपसणारा जोर स्क्रूवर आडवा येतो आणि त्यात तो मजबूत असतो. दुसऱ्या खेपेला आम्ही प्रत्येक वाशाला अशी पट्टी मारली.

२. नंबर, एमएम आणि सूत: तीन भाषा

ही सगळ्यात मोठी गोची. आपल्याकडे एकाच काउंटरवर तीन मापं चालतात. जुन्या पद्धतीचे लाकडाचे स्क्रू नंबरात. पाकिटातले नवे चिपबोर्ड स्क्रू आणि कोच स्क्रू एमएममध्ये. आणि सुतार, फॅब्रिकेटर, जुने दुकानदार बोलतात सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ एमएम.

नंबरावरून जाडी काढायचं सूत्र आहे: नंबराला ०.०१३ ने गुणा, त्यात ०.०६० मिळवा, उत्तर इंचात. पण दुकानात उभं राहून हे कोण करणार, त्यामुळे हे फोनमध्ये लिहून ठेवा:

- ६ नंबर: ३.५ एमएम
- ८ नंबर: ४.२ एमएम
- १० नंबर: ४.८ एमएम, म्हणजे सुताराचं दीड सूत
- १२ नंबर: ५.५ एमएम
- १४ नंबर: ६.१ एमएम, दोन सुताच्या जवळ
- ८ एमएम कोच: अडीच सूत
- १० एमएम कोच: तीन सुताच्या जरा वर

बघा, १४ नंबर हा नंबरांमधला दांडगा समजतात, तो सुद्धा सहा एमएमच्या आसपासच आहे. त्याच्या पुढे काम गेलं की नंबराची भाषा सोडायची आणि एमएममध्ये कोच स्क्रू मागायचा. कोच स्क्रू म्हणजे षटकोनी डोक्याचा, पान्याने फिरवायचा, खाली टोकदार आटे असलेला.

दुकानात "आठचा" असं कधीही बोलू नका. "आठ नंबर" किंवा "आठ एमएम", दोनातलं एक पूर्ण बोला, आणि पुडकं हातात आलं की एक स्क्रू काढून व्हर्नियर लावा. दुकानदार हसतात, हसू देत.

व्हर्नियर कुठे लावायचा हेही महत्त्वाचं. डबीवर "६ x १००" लिहिलं असेल तर ६ हे आट्यांच्या बाहेरच्या कडेचं माप. आट्यांच्या मुळाशी, म्हणजे खरा लोखंडाचा जो दांडा आहे तो, ६ एमएमच्या स्क्रूत चारच्या आसपास भरतो, ८ च्या स्क्रूत सव्वापाच ते साडेपाच, ५ च्या स्क्रूत सव्वातीन. तुटतो तो स्क्रू तिथे तुटतो, आणि भोकाचा बिटही त्याच मापावरून ठरतो. ही दोन्ही मापं डोक्यात ठेवली की पुढचं सगळं सोपं आहे.

आणखी एक गफलत होते ती म्हणजे मशीन स्क्रू. एम-६, एम-८ असं लिहिलेला, आटे बारीक आणि जवळजवळ, टोक बोथट. त्याला नट लागतो. तो लाकडात फिरवलात तर भोकाचा भुसा होतो.

३. जाडी ठरवायची कशी

दोन गोष्टी एकमेकींना ओढतात. वजन म्हणतं जाड घे, लाकूड म्हणतं एवढा जाड घालू नको मी फाटेन. मी शेवटी जो हिशोब पकडला तो असा: स्क्रू लाकडाच्या बाजूच्या कडेपासून त्याच्या जाडीच्या चार-पाच पट आत असावा, आणि लाकडाच्या कापलेल्या टोकापासून किमान दहापट आत. यावरून उलटं गणित होतं. दोन इंच रुंद, म्हणजे ५० एमएम वासा असेल तर मधोमध मारलेल्या स्क्रूला दोन्हीकडे २५ एमएम मिळतात, म्हणजे ५ ते ६ एमएमच्या वर जाऊ नका. तीन इंची लाकडात ८ एमएम चालतो. १० एमएमचा कोच घालायचा तर चार इंच रुंदीचं लाकूड हवं. दोन इंची वाशात तीन सुताचा कोच घातलेला मी डोळ्यांनी बघितलाय, उन्हाळ्यात त्या वाशाला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती.

आता कामाप्रमाणे मी काय वापरतो ते सांगतो, हे घरगुती कामाचं आहे, इंजिनीअरचं गणित नव्हे:

- बिजागऱ्या, कड्या, पातळ पट्ट्या: ६ किंवा ८ नंबर
- एक इंची फळ्या खालच्या चौकटीवर मारायला, ओट्याची फळी, बाक: १० नंबर, किंवा ५ एमएम
- रिपा वाशांवर: १० नंबर
- वासा तुळईला, लोखंडी पट्टी लाकडाला: १२ किंवा १४ नंबर, पट्टीच्या भोकात जो घट्ट बसेल तो
- मांडव, लाकडी जिन्याच्या पायऱ्या: ६ ते ८ एमएम
- खांबावर बाजूने मारलेली पाटी, तुळई-खांबाचा जोड: ८ एमएम कोच, लाकूड चार इंची असेल आणि वजन जास्त असेल तर १०

जोडाला एकच दणकट स्क्रू घालण्यापेक्षा दोन-तीन मध्यम घातलेले बरे, कारण एकच असला की लाकूड त्याच्याभोवती फिरतं. पण दोन स्क्रू लाकडाच्या तंतूंच्या एकाच रेषेवर एकामागे एक ओळीने लावले की लाकूड त्या रेषेवरच फाटतं. थोडे तिरके, नागमोडी घ्यायचे. माझी पाटी चार इंच रुंद, तिच्यात ८ एमएमचे दोन कोच एकाखाली एक घ्यायला गेलो तर कडेपासूनचं अंतर सोडून मध्ये जागाच उरेना, शेवटी एक डावीकडे वर, एक उजवीकडे खाली असे तिरके बसवले.

लाकूड कुठलं यानेही फरक पडतो. साग घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतो. ऐन त्यापेक्षा चांगलाच जड. पॅकिंगच्या पेट्यांतून येणारं पाईन, शिवण ही हलकी लाकडं. लाकडाची घनता वाढली की उपसण्याला विरोध नुसता वाढत नाही, वर्गाच्या हिशोबाने वाढतो, त्यामुळे ऐनात १२ नंबर जे धरेल ते पाईनमध्ये १४ नंबरही धरेलच असं नाही. हलक्या लाकडात जाडीपेक्षा लांबी वाढवा.

झोपाळ्याबद्दल वेगळं

पडवी झाली की कोकणात पुढचा प्रश्न झोपाळ्याचा, त्यामुळे इथेच सांगून टाकतो. झोपाळ्याच्या कड्या स्क्रूवर टांगू नका. कितीही जाड स्क्रू असू दे. तुळईच्या खालून वर मारलेला स्क्रू म्हणजे निव्वळ उपसणारा जोर, आणि तोही रोज, मागेपुढे, हलता. आटे हळूहळू लाकूड खातात आणि एक दिवस आजीसकट सगळं खाली. तुळईत आरपार भोक पाडून बोल्ट घालायचा, वर मोठा चौकोनी वायसर आणि नट, त्यावर आणखी एक नट. आणि तुळई जुनी असेल तर तिला वाळवी लागलीये का हे टोच्याने टोचून आधी बघायचं.

४. आता लांबी

जाडी ठरली की लांबी आपोआप निघते. वरचं लाकूड जेवढं जाड तेवढं सोडून द्यायचं, तिथे पकड मोजायची नाही. खालच्या, म्हणजे धरणाऱ्या लाकडात स्क्रू त्याच्या जाडीच्या सहा ते आठ पट घुसला पाहिजे. माझी पाटी दीड इंच, म्हणजे ३८ एमएम. ८ एमएमचा कोच, आठपट म्हणजे ६४. बेरीज १०२. बाजारात १०० एमएमचा मिळतो, तो घेतला. खांब चार इंची, त्यामुळे टोक पलीकडे बाहेर यायचा प्रश्न नाही.

लाकडाच्या कापलेल्या टोकात, म्हणजे रेषांच्या दिशेने, मारलेला स्क्रू फार धरत नाही. तिथे आटे रेषांच्या मधून सरकतात. असा जोड टाळता येत नसेल तर एल-पट्टी वापरा.

आणि वरच्या लाकडात आटे नसलेला गुळगुळीत दांडा येईल असा स्क्रू बघा. पूर्ण आट्यांचा स्क्रू दोन्ही लाकडांना एकाच वेळी पकडतो, मग तुम्ही कितीही आवळा, दोघांत जी फट राहिली ती तशीच राहते. मला वाटायचं माझा हात कमी पडतोय.

५. भोक: इथे घाई केलीत तर बाकीचं सगळं वाया

सुतारकाकांकडून शिकलेली सगळ्यात कामाची गोष्ट ही. ते म्हणतात गिरमिट फिरवायला कंटाळा करणारा माणूस दुप्पट वेळ तुटलेले स्क्रू काढण्यात घालवतो. ते स्वतः आता मशीनच वापरतात, पण बोलतात गिरमिटच.

जाड स्क्रूसाठी दोन मापांची भोकं लागतात. वरच्या लाकडात पूर्ण जाडीचं, म्हणजे ८ च्या कोचसाठी ८ चंच, स्क्रू त्यातून सैल गेला पाहिजे. खालच्या लाकडात बारीक, म्हणजे आटे तेवढे लाकडात कापत जातील आणि दांड्याला मात्र जागा मिळेल. बारीक भोकाचे बिट असे:

- ८ नंबर: हलक्या लाकडात २.५, घट्ट लाकडात ३
- १० नंबर: ३ आणि ३.५
- १२ नंबर: ३ आणि ४
- १४ नंबर: ३.५ आणि ४.५
- ८ एमएम कोच: ५ आणि ६
- १० एमएम कोच: ६ आणि ७

सागाला मी मधलं माप घेतो, ऐनाला आणि बाभळीला निमूटपणे मोठं. पहिल्या वेळी मी ऐनात भोक न पाडता ८ नंबर मारले होते, तुटणार नाही तर काय होणार. पिळ सहन करायची ताकदसुद्धा जाडीच्या घनानेच वाढते, त्यामुळे बारीक स्क्रू घट्ट लाकडात सगळ्यात आधी मान टाकतो.

पद्धत अशी. बिटावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टीचा वेढा मारा, म्हणजे किती आत गेलो ते कळतं. मशीनचा हॅमर मोड बंद आहे ना बघा, लाकडाला हॅमर लागत नाही. दोन्ही लाकडं क्लॅम्पने आवळून बारीक बिट आरपार दोघांतून नेऊन घ्या, मग क्लॅम्प न सोडता वरच्या लाकडात मोठा बिट चालवा. भोक पाडताना मध्येमध्ये बिट बाहेर काढून भुसा झटका. ऐनाचा भुसा आत अडकला की बिट तापतो, धूर येतो, वास येतो आणि बिट निळा पडतो. तो बिट मग गेलाच समजा.

स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासा. फरक लगेच हाताला कळतो. साबण लावतात काही लोक, मीही लावला होता, पण साबण ओलावा धरतो आणि आत गंज लागतो, त्यामुळे मेणच.

एक चाचणी. कामाच्या लाकडाचाच एखादा तुकडा घ्या, त्यात ठरवलेलं भोक पाडून एक स्क्रू पूर्ण बसवा. फिरवताना कुरकुर आवाज येत असेल किंवा मशीन अडकत असेल तर बिट अर्ध्या एमएमने वाढवा. स्क्रू हाताच्या बोटांनीच आत जात असेल तर भोक मोठं झालंय. पहिला स्क्रू तुळईतच मारून बघू असं करू नका, तुळईतला तुटलेला स्क्रू काढताना काय होतं ते मी सांगणार नाही.

६. डोकं आणि बिट

जाडी वाढली की स्क्रू फिरवायचा बिट बदलतो हे लक्षात येत नाही लोकांच्या. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या स्क्रूमध्ये ५ एमएमपर्यंत २ नंबरचा बिट, सहाच्या स्क्रूला ३ नंबरचा. २ नंबरचा बिट जाड स्क्रूत घातला तर खाच चाटून गुळगुळीत होते आणि स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. जमलं तर सहा टोकांच्या चांदणीच्या खाचेचे स्क्रू घ्या, थोडे महाग पडतात पण बिट घसरत नाही. त्यात ५ एमएमला टी-२५, ६ ला टी-३०, ८ ला टी-४० असे बिट साधारण लागतात, पाकिटात कधीकधी एक बिट दिलेला असतो, फेकू नका.

कोचच्या डोक्याखाली मोठा वायसर हवाच. नाहीतर डोकं लाकडात रुततं आणि तुम्हाला वाटतं घट्ट बसलं.

७. गंज

समुद्रापासून जवळ असाल तर ही पायरी जाडीएवढीच महत्त्वाची, कारण गंजलेला ८ एमएमचा स्क्रू हळूहळू बारीक होत जातो. उघड्यावर साध्या चकचकीत जस्ताच्या मुलाम्याचे, पिवळे किंवा पांढरे, स्क्रू फार टिकत नाहीत. जाड थराचे गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस घ्या. स्टेनलेसच्या प्रतींमध्ये ३०४ बऱ्याच ठिकाणी पुरतं, खाऱ्या वाऱ्यात ३१६ चांगलं.

दुकानात "एसएस" म्हणून ४१० सुद्धा विकतात. तो लोहचुंबकाला कडक चिकटतो आणि खाऱ्या हवेत तांबूस होतो. ३०४ सहसा चिकटत नाही, किंवा अगदीच हलका. खिशात छोटा चुंबक ठेवा.

स्टेनलेसचा एक दोष म्हणजे तो कडक केलेल्या पोलादापेक्षा मऊ असतो, ऐनात सरळ घातला तर पिळवटून तुटतो. त्यावर जुनी युक्ती आहे, पितळी स्क्रूसाठीही हीच वापरतात: त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी मेण लावून आत फिरवा, आटे पाडून घ्या, तो काढा आणि मग त्या जागी स्टेनलेसचा बसवा. वेळ जातो, पण स्क्रू न तुटता आत जातो.

बऱ्याच घट्ट लाकडांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्यात साधं लोखंड आणि ओल आली की स्क्रूभोवती काळे ओघळ येतात. नव्या कोऱ्या पडवीवर पहिल्याच पावसात असे ओघळ आले तर पॉलिश करूनही जात नाहीत.

आणि ते काळे जिप्समचे स्क्रू! प्रत्येक घरात डबाभर पडलेले असतात, टोकदार असतात, लाकडात लोण्यासारखे जातात, म्हणून लोक सगळीकडे तेच मारतात. ते पार्टिशनचे बोर्ड धरण्यासाठी आहेत. कडक पण ठिसूळ. आडवं वजन आलं की वाकून इशारासुद्धा देत नाहीत, सरळ तुटतात. बाहेर तर गंजतातही लगेच. वजन पेलणाऱ्या जोडात एकही नको.

८. बसवताना

इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देत स्क्रू फिरवणारं मशीन) असेल तर शेवटचं बोटभर अंतर हाताने, पान्याने आवळा. मशीनला कधी थांबायचं ते कळत नाही, कोच बसला की पुढच्या झटक्यात एकतर आतले आटे जातात किंवा डोकं उडतं. हातोडीने कोच अर्धा ठोकून मग फिरवणारे लोक आहेत, हो, व्यावसायिक कामवाले सुद्धा, त्यांना तिथेच थांबवा. ठोकलेल्या भागात आटे लाकूड कापत नाहीत, फाडतात.

लाकूड ओलं असेल तर ते वाळताना आकसणार आणि जोड ढिला पडणार. आमचा ऐन पूर्ण वाळलेला नव्हता, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हानंतर सगळे कोच पाव ते अर्धा फेरा परत आवळले. हे पाऊस सुरू व्हायच्या आधी करायचं, नंतर लाकूड फुगतं आणि पाना फिरत नाही.

पडवीपेक्षा मोठं काही असेल, माणसं झोपणार असा माळा, पहिल्या मजल्याचा सज्जा, तर माझा हा हिशोब घेऊन बसू नका, इंजिनीअरकडून किंवा असलं काम केलेल्या सुताराकडून मापं काढून घ्या.

९. आटे गेले तर

जाणारच एखाद्याचे. स्क्रू फिरतोय पण आवळला जात नाही म्हणजे आतलं लाकूड भुसा झालं. दोन उपाय. एक, त्याच भोकात एक पायरी जाड स्क्रू, १२ च्या जागी १४, पण कडेचं अंतर परत मोजून, नाहीतर फाटेल. दुसरा उपाय, जो मला जास्त आवडतो: भोक १० किंवा १२ एमएमपर्यंत मोठं करून त्यात त्याच लाकडाची खुंटी गोंद लावून ठोकायची, एक दिवस वाळू द्यायची आणि मग तिच्या शेजारी, जुन्या भोकाच्या रेषेवर न येता, नवं भोक पाडायचं. खुंटीतच परत स्क्रू मारू नका. खुंटी उभी ठोकलेली असते, तिच्या रेषा स्क्रूच्याच दिशेने असतात, तिथे तो धरत नाही. माझ्या पाटीत अशा सहा खुंट्या आहेत, त्या वाकलेल्या आठ नंबरांच्या जागी.